कडा मोकळ्या नाहीत

प्रिय टिल्लू,

तू एक्कावन्न वर्षांचा आहेस, डोक्यावर केस मोजकेच उरलेत आणि दवाखान्याच्या पाटीवर तुझ्या नावापुढे तीन पदव्या आहेत, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी मी तुला टिल्लूच म्हणणार. आधी ‘प्रिय डॉक्टर’ असं लिहून सुरुवात केली होती. दोन कागद भरले आणि दोन्ही फाडले. डॉक्टरला जे लिहिलं ते इतकं वाईट होतं की ते तुझ्या हाती द्यायची माझी मलाच लाज वाटली असती. म्हणून आता भावाला लिहितेय. ते त्याहून गोड होईल अशी खात्री मात्र देत नाही.

हे मी इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून उभ्याने लिहितेय, कारण बसवत नाही. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या योनीभोवतीच्या कातडीचे सोळा बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले, त्या जागा अजून दुखतात. हो, योनी. एवढं वाचून तू कागद पालथा घातला असशील, तर उचल. आपल्या घरात कमरेपासून मांड्यांपर्यंतच्या एवढ्या मोठ्या मुलुखाला एकच शब्द होता, ‘तिथे’. आई तेवढंच म्हणायची. मीही सगळा जन्म तेवढंच म्हणत आले. आणि तू इतकी वर्षं डॉक्टरी शिकून आलास, तरी माझ्याशी बोलताना तुझ्या तोंडून तेवढंच निघालं, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. त्या एका शब्दापायी माझी साडेसहा वर्षं गेली, टिल्लू.

परवा रविवारी तू येऊन गेलास. संत्र्यांची पिशवी दाराशी ठेवलीस, खुर्चीच्या अगदी टोकाला बसलास आणि रडलास. ‘ताई, तुला शांत झोप लागावी म्हणून गं,’ म्हणालास. मी काय केलं? उठले आणि चहा टाकला. तू गेल्यावर कप विसळताना तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्यावर तर राग होताच, पण जास्त राग त्या चहाचा आला. ज्याने चार वर्षं माझ्या डोळ्यांत धूळ फेकली, त्याला अर्धा चमचा साखर लागते हे माझ्या हाताला पाठ, आणि त्याला दोन शब्द सुनावायचे तर माझ्या तोंडात मूग. म्हणून हे पत्र. तोंडावर बोलायला लागले की तू रडतोस आणि मग मी ताई होते. कागदावर तुझं रडणं मला दिसणार नाही.

पहिल्यापासून सांगते, कारण तुला पहिल्यापासून माहीतच नाही. तुला वाटतं माहीत आहे, पण तुझ्यापर्यंत जे पोचलं ते गाळून, निवडून, पाखडून पोचलं.

माझं काम काय हे तरी तुला कुठे ठाऊक आहे? ‘ताई गिरणीत आहे,’ एवढंच तू लोकांना सांगतोस. मी कापड तपासते. उतरत्या काचेच्या टेबलाखाली दिवे असतात, त्यावरून कापड माणसाच्या चालण्याच्या वेगाने सरकत जातं आणि मी समोर उभी राहून बघते. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा थेंब, रंगाची पट्टी. एकतीस वर्षं मी रोज आठ तास उभ्याने दुसऱ्यांच्या चुका शोधतेय. या कामात हात हलवता येत नाही, इकडेतिकडे बघता येत नाही. अशा जागी उभं असताना जिथे चारचौघांत हात नेता येत नाही तिथे खाज सुटली म्हणजे काय होतं, याची कल्पना कर. मी दर तासाला मोरीकडे पळायची. मुकादम हसून म्हणायचा, ‘बाई, पाणी कमी प्या.’ मी हसायची. घरी येऊन रक्त येईपर्यंत खाजवायची.

दोन महिने असे काढल्यावर मी वहिनीला सांगितलं. तुला कसं सांगणार? तू धाकटा भाऊ. घरात डॉक्टर असताना दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं तर तुझा अपमान, आणि तुझ्याकडे यायचं तर माझी लाज. म्हणून आपण सगळ्यांनी मिळून मधला रस्ता काढला आणि त्या रस्त्यावर तुझ्या बायकोला उभं केलं. मी वहिनीला म्हणाले होते, की उजव्या बाजूला बोटभर जागा लाल झालीय, सालं निघतात, ओल सुटते आणि आग होते. हे मी डोळे मिटून, तिचा हात धरून, एका दमात सांगितलं होतं. तिने तुला काय सांगितलं ते तिनेच मला गेल्या आठवड्यात कबूल केलं. ती म्हणाली होती, ‘ताईंना तिथे जरा त्रास आहे म्हणे.’ बस. बोटभर जागा गेली, साल गेली, ओल गेली. उरलं ‘जरा’. तू पेपर वाचत होतास. मान वर न करता म्हणालास, ‘घामाने होतं, बुरशी असेल, ही ट्यूब लाव म्हणावं.’ ते माझ्यापर्यंत येईस्तोवर काय झालं? ‘ते म्हणाले, काळजीचं अजिबात काही नाही.’ ‘अजिबात’ हे वहिनीच्या पदरचं. बिचारीला वाटलं, तेवढाच मला धीर.

अकरा ट्यूब, टिल्लू. अडीच वर्षांत अकरा. ट्यूब लावली की चार दिवस आग कमी व्हायची, मग पुन्हा सुरू. मी पुन्हा वहिनीला सांगायची, वहिनी पुन्हा तुला, तू पुन्हा मान वर न करता. एकदा साखर तपासायला सांगितलीस. एकदा कपडे उकळत्या पाण्यात घालायला सांगितलेस. एकदा म्हणे तू म्हणालास, ‘वय झालं की होतं कोरडेपण.’ ओल सुटलेल्या जागेला कोरडेपण! पण तुला काय माहीत ओल सुटलीय? ती तर वाटेतच गळाली होती.

मी स्वतःला सोडतेय असं समजू नकोस. चालत्या कापडावर मोहरीएवढी गाठ मला दिसते आणि अडीच वर्षांत मी एकदाही आरसा घेऊन स्वतःकडे बघितलं नाही. बोटाने चाचपायची, तेही दिवा बंद करून. याचा मला माझा जितका राग येतो तितका तुझाही येत नाही. तू बघावंस असंही मी म्हणत नाही. तू बघतो म्हणाला असतास तरी मी दाखवलं नसतं, दार लावून बसले असते. पण ‘दुसऱ्या कोणाला तरी दाखव’ एवढं म्हणायला तुला काय झालं होतं? कोणत्याही परक्या बाईला पहिल्या महिन्यात तू हेच सांगितलं असतंस. मी बहीण म्हणून माझ्या वाट्याला ट्यूब आली.

आणि बघण्याचंच म्हणशील, तर तू पाच वर्षांचा असताना तुझ्या बुडावर लिंबाएवढं गळू झालं होतं. आई कामावर जायची. मी अकरा वर्षांची. गरम पाण्याच्या फडक्याने ते शेकायचं, पू काढायचा, सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलायची, हे सगळं मी केलं. तू लाथा झाडायचास आणि आळी डोक्यावर घ्यायचास. मला किळस यायची, पण मी मान फिरवली नाही. मान फिरवली असती तर गळू कुठवर पसरलंय ते कळलं नसतं. अकरा वर्षांच्या पोरीला हे कळत होतं.

शेवटी पहिल्यांदा कोणी बघितलं, तर गिरणीत वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईने. सगळ्या बायकांना ती पडद्यामागे एकेक करून बोलावत होती. मी ‘मला काही नाही’ म्हणून परत फिरत होते, तर ती म्हणाली, ‘काही नाही तर दोनच मिनिटं झोपा.’ दोन मिनिटंही लागली नाहीत. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘हे किती दिवसांपासून आहे?’ मी म्हणाले, ‘अडीच वर्षं.’ तिने विचारलं, ‘आणि कोणीच पाहिलं नाही?’ मी कानांपर्यंत लाल झाले. माझा सख्खा भाऊ डॉक्टर आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हासुद्धा मी तुझीच अब्रू झाकली.

तुकडा काढला, आजाराला नाव मिळालं. पॅजेट. एरवी स्तनाला होणारा, पण क्वचित योनीच्या बाहेरच्या कातडीतही उगवणारा कर्करोग. दिसायला गजकर्णासारखा, म्हणून वर्षानुवर्षं फसवतो. हळू वाढतो हे नशीब. ते ऐकल्यावर तू असा काही खडबडून जागा झालास, की मला वाटलं, आता सगळं ठीक होणार. मोठं हॉस्पिटल तू शोधलंस, सर्जन तू ठरवलास, फॉर्म तू भरलेस, सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या तू मारून दिल्यास. पांढऱ्या मिशांचे ते सर्जन आणि तू टेबलाच्या दोन बाजूंना बसून तुमच्या डॉक्टरी भाषेत बोलायचात आणि मी मधे, मांडीवर पिशवी घेऊन. एकाच धंद्यातली दोन माणसं. ते मला विचारायचे, ‘काही त्रास?’ आणि तू सांगायचास, ‘नाही.’

त्याच वेळी तू एक वाक्य बोललास ते मी विसरलेले नाही. किती कातडी काढावी लागेल अशी चर्चा चालली होती आणि तू वहिनीला बाहेर व्हरांड्यात म्हणालास, ‘तसंही आता भाऊजी नाहीत, या वयात तिला काय फरक पडतो?’ मी दाराआड चपला घालत होते. तुझ्या भाऊजींना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. नवरा मेला म्हणून बाईचं अंग बेवारशी होतं का रे? ते अंग नवऱ्याने माझ्याकडे ठेवायला दिलेलं नव्हतं. माझं होतं. लघवीला बसताना मला लागत होतं, चालताना मला लागत होतं, कधी एकटीने सुख वाटायचं ते मला वाटायचं. हे वाचून तुझे कान तापले असतील. तापू देत. मी त्या दिवशी चपला घातल्या आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘चला, उशीर होतोय.’

ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला, तो आणायला तू गेलास. संध्याकाळी दारातूनच ओरडलास, ‘ताई, सगळं निघालं!’ मी तुझ्या गळ्यात पडले. सहाव्या आठवड्यात मी कामावर गेले आणि पूर्ण पाळीला बिस्किटं वाटली. मुकादमाने स्वतः स्टूल आणून दिलं. मी त्यांना सांगत सुटले, माझ्या भावाने वाचवलं, माझा भाऊ डॉक्टर आहे.

नंतर दोनदा दाखवायला गेलो. दोन्ही वेळा तू खोलीत बसलेला, म्हणून सर्जननी मला पडद्याआड नेलंच नाही. मग तू म्हणालास, ‘आता दरवेळी कशाला ती दगदग, तू घाबरतेस, काही वाटलं तर जाऊ.’ मला हायसं वाटलं. मी तुला दुवा दिला.

या वर्षी काय झालं ते ऐक. चड्डी धुताना मला डाग दिसला. डाग ओळखणं हा माझा धंदा आहे. हा तेलाचा नव्हता, गंजाचा नव्हता, पाळीचा तर प्रश्नच नव्हता. फिकट, पिवळ्या कडेचा, मधे गुलाबी. मग न्हाणीघरातला आरसा खिळ्यावरून काढला, जमिनीवर ठेवला, दिवा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडे नीट बघितलं. लाल होतं. जुन्या टाक्यांच्या रेघेला लागून, वरपर्यंत. या वेळी मी वहिनीला सांगितलं नाही. अर्धा दिवस रजा घेतली, दोन बस बदलल्या आणि एकटी हॉस्पिटलात गेले.

पांढऱ्या मिशांचे सर्जन निवृत्त झालेत. त्यांच्या जागी एक बाई आहेत, चाळिशीच्या, केस कानामागे खोचलेले, हात गरम करून मगच लावणाऱ्या. त्यांनी तपासलं, मग माझी जुनी फाइल उघडली आणि बराच वेळ वाचत बसल्या. मग जरा रागानेच म्हणाल्या, ‘तुमच्या कडा मोकळ्या नव्हत्या. तुम्हाला दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं. चार वर्षं होतात कुठे?’ मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, ‘कुठल्या कडा?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा राग उतरला. त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवून एकेक शब्द समजावला. काढलेल्या कातडीच्या काठापर्यंत आजार होता. म्हणजे काठाच्या अलीकडेही, माझ्या अंगावर, तो उरलेला होता. त्याखाली तारीख आणि ‘नातेवाइकांना समजावून सांगितले’ अशी ओळ. आणि त्याखाली तुझी सही, टिल्लू. मी ती सही ओळखते. शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मारायची प्रॅक्टिस तू माझ्याच वहीत केली होतीस.

आमच्या कामात एक नियम आहे, तो तुला सांगते. कापडात दोष दिसला की त्या जागेसमोर काठाला लाल दोरा बांधायचा. तो दोरा बघून पुढचे ठरवतात, कापायचं, दुरुस्त करायचं की तसंच सोडायचं. गिरणीत उशिरा आलं तर बोलणी खावी लागतात, मशीन बंद पडलं तर दंड होतो. पण दुसऱ्याने बांधलेला लाल दोरा कोणी काढला, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. मग तो कोणाचा मेहुणा असो की युनियनचा. कारण दोष होता तिथेच राहतो, फक्त आता तो कोणाला दिसत नाही. माझ्या अंगावर बांधलेला दोरा तू काढलास. माझ्या झोपेसाठी काढलास म्हणतोस. खोटं आहे ते. अकरा ट्यूबांनंतर मला पुन्हा तोंड दाखवायची तुझी हिंमत नव्हती, म्हणून काढलास. माझ्या झोपेची एवढी काळजी होती तर ती अडीच वर्षं कुठे होती?

आणि मी एकटीच असं नाही. तुझ्या दवाखान्यातलं तपासणीचं टेबल मी बघितलंय. त्यावर औषधांची खोकी रचलेली आहेत, छतापर्यंत. तिथे कोणाला झोपवायचं म्हटलं तर आधी तासभर हमाली करावी लागेल. किती जणींना तू टेबलाच्या पलीकडून, मान वर न करता, ट्यूब लिहून दिल्यास? त्यातल्या किती जणींच्या मधे कोणी वहिनी उभी होती? हे प्रश्न मी विचारत नाही, लिहून ठेवतेय. उत्तर तुझं तू बघ.

गेल्या आठवड्यात मी गिरणीच्या कँटीनमध्ये जेवताना सरळ सांगून टाकलं, की मला योनीच्या कातडीचा कर्करोग आहे, तो उलटलाय आणि पुन्हा ऑपरेशन आहे. मुकादम छताच्या पंख्याचा अभ्यास करायला लागला. पण पुढच्या दोन दिवसांत तिघी जणी मला एकेकट्या गाठून बोलल्या, आणि त्यातल्या एकीला मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. तिचं साधं निघालं, गोळ्यांनी जाईल असं. पडद्याबाहेर आल्यावर तिने मला असं काही घट्ट धरलं, की मला दुखलं.

आता येत्या गुरुवारच्या ऑपरेशनचं सांगते. पंधरा दिवसांपूर्वी सर्जनबाईंनी घड्याळाच्या तबकडीसारखं चित्र काढून आजूबाजूचे ते सोळा तुकडे घेतले, प्रत्येकाची वेगळी बाटली, वेगळा नंबर. सातांमध्ये आजार निघाला. दिसतो त्यापेक्षा तो लांबवर पसरलेला असतो, हीच त्याची खोड. उजव्या बाजूचे दोन्ही ओठ जाणार, वरचा तो सुखाचा दाणाही जाणार, डाव्या बाजूचाही थोडा भाग जाणार आणि ते झाकायला मांडीची कातडी फिरवून लावणार. आठवडाभर लघवीची नळी, गुडघे लांब ठेवून पडून राहायचं. मी टेबलावर बेशुद्ध असतानाच कडा तपासायला पाठवतील. त्या तपासणीवर पुरता भरवसा नाही, खरा रिपोर्ट दोन आठवड्यांनी. पण तिथेच कडा वाईट दिसल्या तर खाली गुदद्वाराकडे जावं लागेल, आणि मग काही महिने पोटावर पिशवी. सर्जनबाईंनी हे सगळं मला सांगितलं आणि मग मलाच परत म्हणून दाखवायला लावलं, शाळेसारखं. मी एकही शब्द चुकले नाही. भीती वाटते का म्हणून त्यांनी विचारलं. म्हणाले, वाटते, खूप वाटते. पण ही भीती माझी आहे, कोणी चाळून दिलेली नाही.

हे सगळं सांगितलं त्याच दिवशी मी त्यांना बजावलं होतं, की माझ्याबद्दल माझ्याशिवाय कोणाशी बोलायचं नाही, भावाशी तर मुळीच नाही, तो डॉक्टर असला तरी. त्यांनी फाइलवर तसं लाल शाईने लिहिलं. वहिनीलाही सांगितलं, निरोप आणू नकोस, नेऊ नकोस. तरी काल तिचा फोन आलाच, ‘हे दोन दिवस जेवले नाहीत हो.’ बघ. तू जेवत नाहीस हेसुद्धा मला वहिनीकडून कळतं. एवढा फोन समोर असतो, तुला स्वतः सांगता येत नाही, की ताई, मला घास उतरत नाही?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, शिव्या द्यायला एवढे कागद लागत नाहीत. आज सकाळी भरतीचा फॉर्म भरायला गेले. त्यात एक रकाना आहे, ऑपरेशन चालू असताना आणि नंतर कोणाला सांगायचं, कोणाला विचारायचं. कारकून म्हणाला, रिकामा चालत नाही. शेजारीण यायला तयार आहे, मी दवाखान्यात नेलेली गिरणीतली ती बाईही तयार आहे. मी पेन हातात धरून इतका वेळ उभी राहिले, की मागचे लोक कुरकुर करायला लागले. मग मी फाइलवरची ती लाल ओळ खोडायला लावली आणि त्या रकान्यात तुझं नाव लिहिलं. माफ केलं म्हणून नाही. माफ केलेलं नाही, कधी करेन ते मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाचं नाव लिहिलं असतं तर तू सुटला असतास, आणि तुला मी सोडणार नाही. तर ऐक. गुरुवारी सर्जनबाई बाहेर येऊन विचारतील, तेव्हा माझं उत्तर हे आहे : लागेल तेवढं कापा, पिशवी लागली तर लावा. यात ‘जरा’ घालू नकोस, स्वतःचा एकही शब्द घालू नकोस. मी शुद्धीवर आले की काय काय काढलं ते मला तू सांगायचंस, नावं घेऊन. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आणायला मला जिना उतरता येणार नाही, तेव्हा तूच जायचंस. पाकीट न फोडता आणायचंस, माझ्या पलंगाशी बसून माझ्यासमोर फोडायचंस, वहिनीलाही आतच बसवायचंस, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचंस. कळणार नाही तो शब्द मी विचारेन, तो समजावायचास, कॅलेंडरकडे न बघता. कडा मोकळ्या नसल्या, तर ते वाक्य बाकीच्या वाक्यांइतक्याच मोठ्या आवाजात वाच. आवाज फुटला तर थांब, पाणी पी आणि त्याच ओळीवरून पुन्हा सुरू कर. मी ऐकतेय.

तुझीच,
रागावलेली, आणि गुरुवारी सकाळी सात वाजता तयार असलेली,
ताई